ऑक्टोबरच्या सामन्यांवरून एनबीए संघाचा बचाव कसा वाचायचा

प्रश्न असा आहे. एनबीए, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या आपल्या संघाने प्रीसीझनच्या (हंगामाआधीच्या सरावाच्या) चार-पाच सामन्यांत दर सामन्याला १२० च्या आसपास गुण खाल्ले. काही चाहते म्हणतात, यंदा डिफेन्स गाळात गेला. बाकीचे म्हणतात, प्रीसीझनला काडीची किंमत नाही, विषय सोडा. खरं कोणाचं, आणि या सामन्यांत बघायचं तरी काय?

दोघंही फळ्यावरचा एकच आकडा बघून भांडताहेत. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण त्यासाठी शीत कुठून उचललं ते माहीत हवं. प्रीसीझनमध्ये बचावाबद्दल पक्की माहिती मिळते. ती अंतिम धावफलकात नसते. पहिली चूक कोणत्या क्षणी, कोणाकडून आणि कशामुळे झाली, यात ती असते.

आधी फळ्याचा आकडा किती फसवतो ते बघू, कारण इथे मराठी वाचकांच्या ओळखीचंच उदाहरण आहे. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात भारतातले पहिले एनबीए सामने झाले. दोन्ही प्रीसीझनचेच. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, त्यामुळे प्रेक्षकांचा जीव किंग्जमध्ये अडकला होता. पहिला सामना पेसर्सनी जादा वेळेत १३२-१३१ असा काढला, दुसरा १३०-१०६ असा सहज. आता १३१ हा आकडा घ्या. सामना ४८ नव्हे, ५३ मिनिटं चालला. ४८ मिनिटांच्या हिशेबाने तो ११९ च्या आत येतो. म्हणजे बारा गुण डिफेन्सने खाल्लेलेच नाहीत, ते जादा वेळेने वाढवलेत.

पुढे काय झालं? मुंबईत दोन्ही सामने जिंकलेले पेसर्स हंगामाचे पहिले तिन्ही सामने हरले. किंग्ज पहिले पाच हरले. त्यानंतर पेसर्स ४५-२८ (४५ विजय, २८ पराभव) वर पोचले आणि बचावात लीगच्या पहिल्या दहांत बसले, किंग्ज ३१-४१ वर थांबले. मुंबईच्या निकालावरून पेसर्सची सुरुवात सांगता आली नसती, आणि त्या खराब सुरुवातीवरून हंगामही सांगता आला नसता. पण सामना नीट बघणाऱ्याला एक गोष्ट दिसू शकत होती. माइल्स टर्नर आणि डोमँटस साबोनिस हे दोन उंच खेळाडू आता नेहमीसाठी एकत्र सुरुवात करणार होते. मग समोरच्या संघाचा बाहेरून थ्री (तीन गुणांचा लांबचा शॉट) मारणारा पॉवर फॉरवर्ड (सेंटरच्या जोडीचा उंच खेळाडू) या दोघांपैकी कोण धरणार, आणि बाहेर ओढला गेल्यावर रिंगखाली कोण उरणार? त्या हंगामात पेसर्सच्या बचावापुढचा खरा प्रश्न हाच होता. १३२-१३१ मध्ये तो कुठेही लिहिलेला नाही.

जय-पराजयाचंही तेच. २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स पेलिकन्स प्रीसीझनमध्ये ५-० होते. झायन विल्यमसनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि संघ ३०-४२ वर संपला. २०२१ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सही ५-० होते, त्यांनी विजेतेपद मिळवलं. २०१२ चे लेकर्स प्रीसीझनमध्ये ०-८ होते. कोबी ब्रायंट, स्टीव्ह नॅश, ड्वाइट हॉवर्ड संघात, म्हणून सगळे म्हणाले, ‘सोडा हो, प्रीसीझन आहे.’ हंगामात ते १-४ असे सुरू झाले, कोच माइक ब्राउन यांना काढलं, आणि शेवट ४५-३७ वर झाला. तिथे ०-८ या आकड्याने काही सिद्ध केलं नव्हतं. पण वय झालेला संघ चेंडू गमावल्यावर मागे धावायला उशीर करतो, ही गोष्ट ऑक्टोबरमध्येही दिसत होती आणि ती वर्षभर गेली नाही. ‘प्रीसीझनला किंमत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावं.

आता हिशेब. एकूण गुण सोडा, शंभर पाळ्यांमागचे गुण काढा. पाळी म्हणजे एका संघाच्या हातात चेंडू येऊन तो सुटेपर्यंतचा वेळ, ज्याला आपण पझेशन म्हणतो. बॉक्स स्कोअरवरून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून) ती काढायचं नेहमीचं सूत्र असं: प्रतिस्पर्ध्याचे फील्ड गोलचे (चालू खेळातल्या शॉटचे) प्रयत्न, अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांची ०.४४ पट, वजा त्यांचे आक्रमक रिबाउंड (स्वतःच्या चुकलेल्या शॉटनंतर परत मिळवलेले चेंडू), अधिक त्यांचे टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू). समजा प्रतिस्पर्ध्याने ९२ शॉट घेतले, २६ फ्री थ्रो मारले, १२ आक्रमक रिबाउंड घेतले आणि १६ वेळा चेंडू गमावला. ९२ अधिक ११.४, वजा १२, अधिक १६, म्हणजे सुमारे १०७ पाळ्या. त्यात त्यांनी १२१ गुण केले असतील, तर शंभर पाळ्यांमागे ११३ च्या आत आले. २०२४-२५ मध्ये लीगची सरासरी ११४ च्या आसपास होती. म्हणजे ‘१२१ खाल्ले’ म्हणून ज्या रात्री ओरड झाली, त्या रात्री बचाव सरासरीपेक्षा किंचित बराच होता. प्रीसीझनमध्ये सामने वेगात होतात, घाईचे शॉट आणि चुकीचे पास जास्त असतात. त्यामुळे पाळ्या वाढतात आणि दोन्ही बाजूंचे गुण फुगतात. ०.४४ कशाला, असं कोणी विचारेल. प्रत्येक फ्री थ्रोने पाळी संपत नाही. दोनपैकी पहिल्याने नाही, बास्केट होऊन मिळालेल्या एकाने नाही, टेक्निकल फाउलच्या (गैरवर्तनासारख्या चुकीच्या) एकाने नाही. सगळ्यांची सरासरी काढली की साधारण इतकं उरतं.

या सुधारलेल्या आकड्यावरही चार-पाच सामन्यांत विसंबू नका. कारण थ्री-पॉइंटर. समजा प्रतिस्पर्धी दर सामन्यात ३५ थ्री मारतात आणि त्यांची खरी कुवत ३६ टक्क्यांची आहे. पाच सामन्यांत १७५ प्रयत्न होतात आणि ६३ पडायला हवेत. पण निव्वळ योगायोगानेच हा आकडा ५७ ते ६९ च्या दरम्यान कुठेही जाऊ शकतो, आणि तीनांतून एकदा या पट्ट्याच्याही बाहेर जातो. ५७ आणि ६९ मध्ये १२ बास्केटचा, म्हणजे ३६ गुणांचा, म्हणजेच दर सामन्याला सात गुणांचा फरक आहे. लीगमधल्या पाचव्या आणि पंधराव्या क्रमांकाच्या डिफेन्समध्ये सहसा सुमारे तीन गुणांचं अंतर असतं. तेव्हा समोरच्यांचे थ्री ‘पडले’ की ‘चुकले’ यावरून ऑक्टोबरमध्ये निवाडा देऊ नका. किती थ्री मोकळे मिळाले, कुठून मिळाले आणि मारणारा कोण होता, हे मोजा. शॉट किती आणि कुठून होऊ द्यायचे यावर बचावाचा ताबा बराच असतो. हातातून सुटलेल्या चेंडूवर तो अगदी थोडा असतो.

पुढची चाळणी मिनिटांची. हंगामाआधीच्या सराव शिबिराच्या काळात संघात २१ पर्यंत खेळाडू असू शकतात. हंगामात नेहमीचे १५ आणि टू-वे करारावरचे (एनबीए आणि तिच्या खालची लीग अशा दोन्हींत खेळणारे) ३. ऑक्टोबरच्या चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर असलेल्या पाचांपैकी तिघं नोव्हेंबरमध्ये तुमच्या संघात नसतीलही. त्या १२ मिनिटांत खाल्लेले ३८ गुण कोच पाहतो ते कोणाला ठेवायचं हे ठरवण्यासाठी. तुम्ही संघाचा बचाव तपासत असाल तर ती मिनिटं बाजूला काढा. मी सुचवेन तो नियम सोपा आहे: मैदानावर रोटेशनमधले (हंगामात नेहमी खेळवले जाणारे) किमान चार जण आहेत, तीच मिनिटं धरा. ती बहुतेक पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये सापडतात, आणि चार सामन्यांची मिळून जेमतेम तासभर भरतात. तासाभरात साधारण सव्वाशे पाळ्या होतात. टक्केवारीसाठी हा नमुना छोटा आहे, सवयी ओळखायला पुरेसा.

फळ्यावर अजिबात न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे, आणि चाहत्यांचे निम्मे वाद तिच्यामुळे होतात. प्रीसीझनमध्ये बरेच कोच मुद्दाम एकच मूळ पद्धत खेळवतात, समोर कोणीही असो. समजा मूळ पद्धत ड्रॉप आहे. म्हणजे पिक-अँड-रोलमध्ये (एक खेळाडू चेंडूवाल्याच्या रक्षकाच्या वाटेत आडवा उभा राहतो, ही स्क्रीन, आणि मग स्वतः रिंगकडे धावतो) स्क्रीन लावणाऱ्याचा रक्षक, सहसा सेंटर (संघाचा रिंगजवळचा सगळ्यात उंच खेळाडू), वर न येता फ्री थ्रो रेषेच्या खाली थांबतो आणि रिंग राखतो. चेंडूवाल्याचा रक्षक स्क्रीनच्या वरून झगडत जाऊन मागून त्याच्यावर दबाव ठेवतो. या पद्धतीत चेंडूवाल्याला स्क्रीनच्या वर एक क्षणभर मोकळीक मिळतेच. समोर स्टेफन करीसारखा अव्वल थ्री मारणारा असेल तर हंगामात कोणीही सरळ ड्रॉप खेळणार नाही. सेंटरला वर आणतील, स्विच करतील (रक्षक आपापले खेळाडू बदलून घेतील) किंवा दोघं त्याच्यावर घालतील. २०१९ च्या अंतिम फेरीत टोराँटोने तर दुसऱ्या सामन्यात करीसाठी बॉक्स-अँड-वन काढला होता: चौघांचा चौकोनी झोन (माणसाऐवजी जागा राखणं) आणि एक जण सतत करीच्या अंगाला. ऑक्टोबरमध्ये मात्र कोच ड्रॉपच चालू ठेवतो, कारण त्याला त्याच पद्धतीतली पावलं पक्की करायची असतात. त्या रात्री करीसारख्याने स्क्रीनवरून सहा थ्री मारले, तर त्यातून ‘आमचा सेंटर बाहेर येऊ शकत नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. ठरलेली पद्धत किती नीट राबवली, तेवढंच विचारा.

नीट राबवली की नाही हे बघायचं तर नजर चेंडूवरून काढावी लागते. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. रिंगपाशी डंक झाला की तिथे उभा असलेला उंच माणूस दोषी ठरतो, कारण कॅमेऱ्यात तोच असतो. चूक मात्र बहुधा तीन सेकंद आधी, पंचवीस फुटांवर झालेली असते. १८ जून २०२१ चा लॉस एंजेलिस क्लिपर्स विरुद्ध यूटा जॅझ हा प्लेऑफचा सहावा सामना याचं ठळक उदाहरण आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये यूटा २५ गुणांनी पुढे होतं आणि १३१-११९ असं हरलं. क्लिपर्सच्या टेरन्स मानने ३९ गुण केले, सात थ्री मारले. त्याला धरायचं काम यूटाचा सेंटर रूडी गोबेरकडे होतं आणि मान कोपऱ्यात मोकळा सापडत होता, त्यामुळे सगळा राग गोबेरवर निघाला. ती टेप पुन्हा बघा आणि मान दिसायच्या आधी थांबवा. यूटाचे बाहेरचे रक्षक एकेकट्याच्या लढतीत सारखे मागे पडत होते. चेंडू पेंटमध्ये (रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) शिरत होता, आणि गोबेरपुढे दोनच पर्याय उरत होते: रिंग सोडायची किंवा कोपरा सोडायचा. पहिली भिंत पडल्यावर दुसऱ्या माणसाने काहीही केलं तरी ते चुकीचंच दिसतं.

म्हणून प्रत्येक पाळीत ‘पहिली फट’ शोधायची. ती कुठे शोधायची, ते क्रमाने सांगतो.

सुरुवात आपल्याच शॉटपासून करा. चेंडू आपल्या हातातून सुटला की कॅमेरा रिंगकडे जातो, तुम्ही मात्र बाकीच्या चौघांकडे बघा. आक्रमक रिबाउंडला कोण जातं आणि मागे कोण वळतं, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे. बहुतेक संघांत शॉट उडताच किमान दोघं मागे असतात: एक रिंग राखायला, एक चेंडू अडवायला. अडवणाऱ्याने चेंडूवाल्याला आपल्या थ्री-पॉइंट रेषेच्या आधीच वळवलं पाहिजे. इथे दोन दोषांतला फरक ओळखणं महत्त्वाचं आहे. पाचही जण जागा ओळखून, पण संथ धावत असतील, तर तो दमसासाचा प्रश्न आहे आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो माफ आहे. दोघं जोरात धावत येऊन एकाच माणसाला धरतात आणि तिसरा समोरून मोकळा सुटतो, असं दिसलं तर ते गोंधळाचं लक्षण आहे, पाय ताजे झाल्याने ते जाणार नाही. आणि कोणी शॉट चुकल्यावर पंचांकडे हात पसरून उभा राहत असेल, तर ती सवय आहे. सवयी ऑक्टोबरमध्ये दिसतात त्या एप्रिलमध्येही दिसतात. २०२२-२३ पासून तर वेगवान प्रतिहल्ला मुद्दाम फाउल करून तोडला की समोरच्याला एक फ्री थ्रो आणि वर पुन्हा चेंडूही मिळतो. त्यामुळे मागे न धावता हाताने ओढून धरायचा स्वस्त उपाय आता महाग झाला आहे.

नंतर पिक-अँड-रोल. ड्रॉपमध्ये सेंटरच्या पायांकडे बघा. त्याची पाठ रिंगकडे, नितंब खाली, आणि तो चेंडूवाला आणि आत धावणारा स्क्रीनवाला या दोघांच्या मधल्या रेषेवर मागे सरकत असला पाहिजे. तो सपाट उभा राहून एका बाजूला वळला की रिंगजवळ उंच टाकलेला लॉब पास मोकळा होतो. चेंडूवाल्याच्या रक्षकाचं काम यापेक्षा अवघड. स्क्रीन येण्याच्या आधी त्याने चेंडूवाल्याच्या अंगाला चिकटून एक पाय स्क्रीनच्या पलीकडे टाकायचा, म्हणजे अडकणं टळतं. तो स्क्रीनवर आदळून थांबला, की सेंटरवर दोघं येतात. अशा बहुतेक पाळ्यांत फट गार्डची (चेंडूवाल्याला धरणाऱ्या बाहेरच्या छोट्या खेळाडूची) असते आणि शिव्या सेंटरला बसतात.

स्विच करणाऱ्या संघात वेगळं बघायचं. दोघांनी एकमेकांचे खेळाडू बदलून घेताना त्यांचे खांदे जवळजवळ लागले पाहिजेत. मध्ये हातभर जागा राहिली की स्क्रीन लावणारा स्क्रीन न लावताच आत निसटतो. आणि स्विचनंतर छोटा गार्ड समोरच्या सेंटरवर अडकला, तर पास जायच्या आधी मागून एखादा मोठा खेळाडू येऊन त्याला ढकलून बाहेर पाठवतो आणि स्वतः तिथे उभा राहतो. या दुरुस्तीला संघ स्क्रॅम म्हणतात. प्रीसीझनमध्ये ती दिसली, तर समजा की संघाचा अभ्यास बराच पुढे गेला आहे, कारण ती ओरडून सांगितल्याशिवाय जमत नाही. बाजूच्या रेषेजवळ संघ बऱ्याचदा आइस खेळतात: चेंडूवाल्याला मध्ये यायची वाटच द्यायची नाही, त्याला रेषेकडे ढकलायचं, जिथे सेंटर वाट बघत असतो. इथे रक्षक पाऊलभर उशिरा वळला तरी चेंडू मध्ये येतो आणि सेंटर चुकीच्या बाजूला सापडतो.

आता खरा मजकूर, मदतीचा. चेंडू उजवीकडे, स्क्रीन लागली, स्क्रीनवाला रिंगकडे धावला. डाव्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूचा रक्षक हा ‘लो मॅन’. त्याने आपला माणूस सोडून रिंगसमोर यायचं. त्याचे पाय रिंगखालच्या चार फूट त्रिज्येच्या अर्धवर्तुळाच्या बाहेर असले पाहिजेत, नाहीतर धडक झाल्यावर बहुतेक वेळा फाउल त्याच्याच नावावर. त्याच वेळी डाव्या विंगवरच्या (कोपऱ्याच्या वरच्या, बाजूच्या भागातल्या) रक्षकाने खाली सरकून विंग आणि कोपरा या दोन्हींच्या मध्ये उभं राहायचं, एकट्याने दोघांना सांभाळत. पास कोपऱ्यात गेला तर तो कोपऱ्यात धावतो आणि लो मॅन विंगकडे. दोघांच्या वाटा फुलीसारख्या एकमेकांना छेदतात, म्हणून या हालचालीला एक्स-आउट म्हणतात. उजवीकडून कोपऱ्यापर्यंत पास पोचायला साधारण एक सेकंद लागतो. सगळं गणित त्या एका सेकंदाचं आहे.

हे बिघडतं तीन प्रकारांनी. लो मॅन यायलाच उशीर करतो, आणि डंक होतो. दोघंही कोपऱ्याकडे पळतात, आणि विंगवरचा मोकळा थ्री मारतो. किंवा लो मॅन रिंगपाशी येतो पण विंगवाला आपल्या माणसाला चिकटूनच राहतो, आणि कोपरा उघडा पडतो. तिसरा प्रकार ऑक्टोबरमध्ये सगळ्यात जास्त दिसतो, विशेषतः नवीन आलेल्या खेळाडूकडून. त्याच्या जुन्या संघात विंगवाल्याला माणूस न सोडण्याची सूचना असू शकते. हा दोष पंधरा-वीस सामन्यांत सहसा जातो. पहिला प्रकार, उशिरा येणं, जास्त चिवट. तो कधी आळसाचा असतो, पण बहुधा खेळ वाचण्याच्या कमतरतेचा असतो. स्क्रीन लागताना लो मॅनची नजर कुठे आहे ते बघा. तो फक्त आपल्या माणसाकडे बघत असेल तर तो कधीच वेळेवर पोचणार नाही.

इथे आपल्याकडच्या खेळाडूंसाठी एक बाजूची गोष्ट. शाळा-कॉलेजात आणि जिल्हा स्पर्धांत आपण फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) नियम खेळतो, तिथे बचावासाठी पेंटमध्ये तीन सेकंदांची मर्यादा नसते. सेंटर पेंटमध्ये मुक्काम ठोकू शकतो. एनबीएमध्ये २००१-०२ पासून झोन चालतो, पण हाताच्या अंतरावर कोणाला धरलेलं नसेल तर रक्षकाला पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. थांबला तर एक फ्री थ्रो आणि चेंडू पुन्हा त्यांच्याकडेच. म्हणून लो मॅन सारखा आत-बाहेर करताना दिसतो. ते डळमळणं नसतं, तो सेकंद मोजत असतो.

क्लोजआउट, म्हणजे मोकळ्या शूटरकडे धावत जाणं. पहिली दोन तृतीयांश वाट पूर्ण वेगाने, शेवटची छोट्या पावलांनी, वजन खाली, एक हात वर. आणि त्याला चेंडू जमिनीवर टाकायला लावायचं ते मदत ज्या बाजूला आहे त्या बाजूला. हवेत झेपावून शूटरच्या अंगावरून पलीकडे जाणारा रक्षक टीव्हीवर जीव तोडून खेळल्यासारखा दिसतो, पण त्याच्या मागे आता चारांविरुद्ध पाच असतात. शूटर खरोखर अव्वल असेल तर काही कोच हे मुद्दाम करायला सांगतात, एवढा अपवाद लक्षात ठेवा.

रिबाउंडबद्दल फार लिहायची गरज नाही. प्रतिस्पर्ध्याच्या चुकलेल्या शॉटपैकी किती आपण उचलले याची टक्केवारी काढा. ७५ च्या वर ठीक, ७० च्या खाली सलग तीन सामने गेलं तर कान टवकारा, मात्र तीच चार-रोटेशनवाल्यांची मिनिटं धरून. स्विच जास्त करणाऱ्या संघात ही टक्केवारी घसरणारच, कारण छोटे गार्ड मोठ्यांना रोखत उभे असतात.

फाउलचा आकडा मात्र ऑक्टोबरमध्ये जवळपास निरुपयोगी. दर वर्षी पंचांना काही गोष्टींवर कडक राहायची सूचना असते, आणि ती प्रीसीझनमध्ये जोरात राबवली जाते. २०१८ मध्ये चेंडूशिवाय पळणाऱ्या खेळाडूला धरून ठेवण्यावर शिट्ट्या वाढल्या. २०२१ मध्ये उलट, शूटरने मुद्दाम अंग टाकून मिळवलेले फाउल देणं थांबलं. खेळाडू दोन-तीन आठवड्यांत जुळवून घेतात.

एका संघाची शैली दुसऱ्याच्या मापाने मोजू नका, हेही सांगायलाच हवं. २०२४-२५ च्या ओक्लाहोमा सिटी थंडरने ६८-१४ अशी कामगिरी करून विजेतेपद मिळवलं, आणि शंभर पाळ्यांमागे सुमारे १०७ गुण देत बचावात पहिला क्रमांक घेतला. तरी ते कोपऱ्यातले थ्री भरपूर होऊ द्यायचे. कारण लू डॉर्ट, ॲलेक्स करूसो, केसन वॉलेससारखे हात चेंडूवर टाकणारे रक्षक आणि मागे चेट होल्मग्रेन, आयझाया हार्टनस्टाइन. पेंट गच्च भरायचा, टर्नओव्हर काढायचे, आणि कोपऱ्यापर्यंत जाणारा लांब पास हवेतच पकडायचा प्रयत्न करायचा. त्यांच्या सामन्यात नुसते कोपऱ्यातले मोकळे थ्री मोजले असते, तर लीगमधला सर्वोत्तम बचाव वाईट ठरला असता. तुमचा संघ काय सोडून देतो आहे, आणि त्या बदल्यात काय मिळवतो आहे, या दोन्हींची नोंद एकत्र हवी. कोपरे उघडे आणि टर्नओव्हरही नाहीत, अशी जोडी दिसली तर काळजी रास्त आहे.

प्रत्यक्ष करायचं असेल तर वही घ्या आणि रोटेशनची मिनिटं पुन्हा बघत ४० पाळ्या नोंदवा. दर पाळीला चार रकाने पुरतात. पाळी कशी सुरू झाली: आपल्या टर्नओव्हरवरून, चुकलेल्या शॉटवरून, पडलेल्या शॉटवरून की टाइमआउटनंतर. पहिली फट कुठे. कोणाची. शेवटी शॉट कुठून झाला. तो पडला की चुकला हे मुद्दाम लिहू नका, तो रकाना तुमची मतं बिघडवतो. दोन सामन्यांच्या ८० ओळी झाल्या की चित्र उभं राहतं. निम्म्या फटी आपल्याच टर्नओव्हरनंतरच्या असतील तर दोष बचावाचा नाही. तुमचं आक्रमण डिफेन्सला उघड्यावर पाडतंय, आणि चर्चा पॉइंट गार्डच्या (आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या) पासांवर व्हायला हवी. फटी बहुतेक पडलेल्या शॉटनंतरच्या, म्हणजे बचाव जागेवर उभा असतानाच्या असतील, तर दुखणं खरोखर डिफेन्सचं आहे. एकाच खेळाडूचं नाव पंधरा वेळा आलं तर तो स्क्रीनवर अडकतो आहे की मदतीला उशीर करतो आहे ते वेगळं काढा. पहिल्यावर उपाय म्हणजे त्याला चेंडूपासून दूरच्या माणसावर लावणं. दुसऱ्यावर लवकर उतरणारं औषध नाही.

आवाज वाढवून ऐकायलाही विसरू नका. प्रीसीझनमध्ये स्टेडियम निम्मं रिकामं असतं, आणि मैदानातलं बोलणं माइकवर येतं. स्क्रीन येण्याच्या आधी सेंटरने ‘लेफ्ट, लेफ्ट’ ओरडलं की गार्डला अर्धं पाऊल मिळतं. सेंटर गप्प असलेल्या पाळ्या आणि गार्ड स्क्रीनवर अडकलेल्या पाळ्या वहीत शेजारी ठेवा, बऱ्याचदा त्या त्याच निघतात.

आता मूळ प्रश्न, चार-पाच सामन्यांतले १२०. पाळ्या १०५ च्या वर असतील, चौथ्या क्वार्टरमध्ये शिबिरातली मुलं खेळली असतील, समोरच्यांचे थ्री ४० टक्क्यांनी पडले असतील आणि फटी विंगवरच्या नव्या खेळाडूच्या असतील, तर निवांत राहा. पण पहिल्या क्वार्टरमध्ये, मुख्य पाच जण असताना, चेंडूवाला स्क्रीनशिवायच रक्षकाला सोडून आत जातोय, शॉट चुकल्यावर दोघं चालत मागे येताहेत आणि लो मॅनची नजर आपल्याच माणसावर आहे, असं तीन सामन्यांत दिसलं, तर समोरच्या संघाने त्या रात्री ९८ गुण केले असले तरी तुमची शंका बरोबर आहे. हंगामाचे पहिले दहा सामने झाले की हीच वही त्यातल्या दोन सामन्यांसाठी पुन्हा भरा आणि ‘कोणाची फट’ हा रकाना ऑक्टोबरच्या रकान्याशी ताडून बघा. तोवर कोचने पद्धत बदललेली असेल, ड्रॉपऐवजी सेंटर वर येत असेल. नावं तरीही तीच राहिली, तर पद्धत हे कारण नव्हतं.